वीस रुपयांचा डॉलर: दोन देशांच्या घरखर्चाची तुलना करतात तरी कशी?

हिशेबनीस (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.४०

धाकटा भाऊ ष्टुटगार्टला असतो. रविवारी फोन झाला की आमचे वडील एकच हिशेब मांडतात: "पगार किती युरो? गुणिले शंभर." मग माझ्याकडे बघून उसासा. आज भाऊ वैतागला. म्हणाला, "बाबा, इथे केस कापायला अठ्ठावीस युरो लागतात. करा गुणिले शंभर." बाबा गप्प झाले. आम्ही सांगलीत ऐंशी रुपयांत कटिंग करतो, वर न्हावी मान मोडून देतो ती वेगळी.

फोन ठेवल्यावर शोधाशोध केली. क्रयशक्ती समानता, म्हणजे पीपीपी (अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढंच इथे घ्यायला किती रुपये लागतात, तो दर), हा शब्द ऐकून होतो, पण आकडा पहिल्यांदाच नीट पाहिला. २०१७ साली बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता आणि पीपीपीने तोच डॉलर २०.६५ रुपयांचा. तिपटीहून जास्त फरक! आता प्रश्न असे की हे २०.६५ कोण ठरवतं आणि कुठल्या वस्तूंवरून? माझ्या घरखर्चाला ते लागू पडतं का, की ते सगळ्या देशाच्या जीडीपीचं आहे? जाणकारांनी उजेड पाडावा.

कोष्टक | रविवार, रात्री ११.२५

चांगला धागा. थोडं लांबेल, चालवून घ्या.

कल्पना जुनी आहे. कासेल नावाच्या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने १९१८ मध्ये हा शब्द वापरला. पण देशोदेशी जाऊन भाव गोळा करायचं काम सुरू झालं १९६८ पासून. संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठ मिळून आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम, म्हणजे आयसीपी. क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स ही त्यातली मोठी नावं. १९७० सालच्या पहिल्या तुलनेत फक्त दहा देश होते आणि भारत त्यात होता. २०१७ च्या फेरीत १७६ होते. आता जागतिक बँक हे सांभाळते, आपल्या भागाचं काम आशियाई विकास बँकेकडे असतं आणि भारतातले भाव आपलंच सांख्यिकी मंत्रालय गोळा करतं.

तुमच्या कटिंगचं उदाहरण पाठ्यपुस्तकी आहे. सांगलीचा न्हावी आणि ष्टुटगार्टचा न्हावी तासाला सारखीच डोकी भादरतात. मग तिकडच्याला इतके पैसे का? कारण त्याच्या शेजारी गाड्यांचे कारखाने आहेत. तिथला कामगार तासाभरात सांगलीच्या कामगारापेक्षा कितीतरी जास्त किमतीचा माल काढतो, म्हणून त्याला पगार जास्त. न्हाव्याला तेवढंच मिळालं नाही तर तो वस्तरा ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून कात्री तीच, पण भाव कारखान्याने ठरवलेला. १९६४ मध्ये बालासा आणि सॅम्युएल्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. उलट मोबाइलसारख्या वस्तू जगभर साधारण एकाच पातळीला. म्हणजे रुपया-डॉलरचा 'खरा' दर एक नाहीच. प्रत्येक वस्तूचा वेगळा, आणि २०.६५ ही त्या सगळ्यांची काढलेली सरासरी.

तिरपागडं | सोमवार, सकाळी ७.१०

एवढी यातायात कशाला? एका इंग्रजी साप्ताहिकाने १९८६ पासून बर्गरच्या भावावर हेच काम चालवलंय. फक्त आपल्याकडे गोमांसाचा बर्गर नाही म्हणून महाराजा मॅक धरतात. मी म्हणतो वडापाव धरा. मिरची फुकट आहे की नाही ते वेगळं नोंदवा.

नेकारकाठ | सोमवार, दुपारी ३.०५

मीही ष्टुटगार्टलाच (धागाकर्त्याचा भाऊ नव्हे, खुलासा केलेला बरा). इथे वडापाव मिळतो, दिवाळीच्या मेळाव्यात, चार युरोला. त्यावरून रुपयाचा दर काढलात तर रिझर्व्ह बँक बंद करावी लागेल.

बाजारहाट | सोमवार, रात्री ९.१५

मी सांख्यिकी खात्यातून क्षेत्रकामावरून निवृत्त झालो. भाव विचारत फिरण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून वडापावच्या विनोदाला गंभीर उत्तर देतो. माफ करा.

भाव 'विचारणं' हे वाटतं तेवढं सोपं नाही. यादीत नुसतं 'शर्ट' असं नसतं. पुरुषांचा, लांब बाह्यांचा, सुती-पॉलिस्टर मिश्र, एक खिसा, मध्यम दर्जा, अमुक प्रकारची शिलाई. हे वर्णन घेऊन तालुक्याच्या कापड दुकानात गेलं की दुकानदार पाच शर्ट पसरतो आणि त्यातला एकही वर्णनात बसत नाही. जवळचा घ्यायचा का? घेतला तर दर्जातला फरक भावात शिरला. सोडला तर रकाना रिकामा. आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर दुकानदार विचारतोच, "साहेब, घ्यायचाय का नुसता भावच?"

भाजी तर विचारू नका. आमच्याकडे मेथी जुडीने, अळू पानांवर, केळी डझनाने. कागदावर मात्र किलोचा भाव हवा. मी खिशात ताणकाटा ठेवायचो. तीन-चार जुड्या उचलायच्या, काट्याला लावायच्या, सरासरी वजन काढायचं. पावसाळ्यात जुडी लहान होते पण भाव तोच राहतो. वजन केलं नाही तर महागाई दिसतच नाही! एक मावशी चिडून म्हणाली होती, "माझी मेथी सोनं हाय व्हय?"

शिवाय लिहायचा तो सांगितलेला भाव नाही, गिऱ्हाईक शेवटी देतं तो. म्हणून उभं राहून दोन गिऱ्हाइकांचा सौदा ऐकायचा. आणि बाजार संध्याकाळी उठताना भाव पडतात, तेव्हा कुठल्या वेळी गेलात हेही आलंच.

आता हेच दीडपावणेदोनशे देशांत. साडी न्यूयॉर्कच्या दुकानात शोधायची नाही आणि न्याहारीचे डब्यातले पोहे (ते मक्याचे) खेड्यात शोधायचे नाहीत. म्हणून प्रत्येक भूभागाची आपली यादी असते आणि भूभाग एकमेकांना जोडायला वेगळी सामायिक जागतिक यादी.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९.५०

काका, हे कुठे वाचायला मिळालं नसतं. ताणकाट्याला दंडवत.

नगरी_माणूस | मंगळवार, सकाळी ९.२०

सगळं ठीक, पण मला हा खेळ देश मोठा दाखवायचा वाटतो. बाजारभावाने जमत नाही म्हणून पीपीपी काढायचं आणि 'जगात तिसरे' म्हणून ढोल बडवायचे.

कोष्टक | मंगळवार, दुपारी १.३०

@नगरी_माणूस, ढोल बडवणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, पण मोजमाप तेवढं लाचार नाही. २००५ ची फेरी आठवा. त्याआधी भारत शेवटचा १९८५ मध्ये सामील झाला होता, म्हणजे मधली वीस वर्षं जुन्या भावांवर महागाईचे थर देत काढलेला अंदाज चालू होता. चीन तर २००५ मध्ये पहिल्यांदाच आला. खरे भाव आले आणि दर निघाला डॉलरला १४.६७ रुपये आणि ३.४५ युआन. दोन्ही देश आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी 'लहान' झाले. एका रात्रीत! कुणाच्या ताटातला घास कमी झाला नव्हता, फक्त पट्टी बदलली.

त्यावरही वाद झाला. चीनने भाव घेतले अकरा शहरांत आणि त्यांच्या आसपास. शहरं महाग, म्हणून सगळा देशच महाग दिसला, असा आक्षेप होता. २०११ च्या फेरीत दोन्ही देश पुन्हा 'वाढले'. २०१७ साठी आपल्या मंत्रालयाने दिलेले आकडे: जागतिक जीडीपीत चीन १६.४ टक्के, अमेरिका १६.३, भारत ६.७. तिसरा क्रमांक खरा आहे. पण तो एकशेतीस कोटींचा मिळून आहे. माणशी भागलं की ढोलाचा आवाज खाली येतो.

मीनाक्षी_ठाणे | मंगळवार, रात्री १०.०५

मूळ प्रश्न घरखर्चाचा होता ना? जीडीपीत पूल, रणगाडे, यंत्रं सगळंच येतं.

मीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत माणशी महिना खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६. ४,१२२ ला २०.६५ ने भागलं तर जवळपास २०० डॉलर. बाजारभावाने भागलं तर पन्नासच. म्हणजे खेड्यातला माणूस महिन्याला अमेरिकेतल्या २०० डॉलरइतकं खातो-पितो-वापरतो, बरोबर?

कोष्टक | मंगळवार, रात्री ११.००

दिशा बरोबर, पण तीन ठिकाणी पाय घसरलाय. रागावू नका, माझे विद्यार्थीही इथेच घसरतात.

पहिलं, वर्ष. २०.६५ हा २०१७ चा दर आणि खर्च २०२३-२४ चा. आधी आपल्या महागाई निर्देशांकाने खर्च २०१७ च्या रुपयांत आणायचा, मगच भागायचं. दुसरं, तुम्हीच म्हणालात तसा हा जीडीपीचा दर आहे. घरगुती उपभोगासाठी वेगळा दर काढलेला असतो, तो घ्यायचा. जागतिक बँक दारिद्र्यरेषेसाठी तोच घेते. ती रेषा २०११ च्या भावांवर माणशी रोज १.९० डॉलर होती, २०१७ च्या भावांवर २.१५ झाली आणि जून २०२५ मध्ये २०२१ च्या भावांवर ३ डॉलर. लोक म्हणतात 'तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये, मग अर्धा देश गरीब'. तसं नाही. हे पीपीपी डॉलर आहेत, बाजारातले नव्हेत.

तिसरं सगळ्यात चिवट. पाहणीतला घरखर्च आणि राष्ट्रीय लेख्यांतला (जीडीपी ज्यातून निघतो त्या सरकारी हिशेबातला) घरगुती उपभोग जुळत नाहीत. पाहणीचा आकडा नेहमीच बराच कमी येतो. श्रीमंत घरं दार उघडत नाहीत, उघडली तरी सगळं सांगत नाहीत. आणि लेख्यांमध्ये स्वतःच्या घराचं मानलेलं भाडंही असतं, जे पाहणीच्या खर्चात नसतं.

नेकारकाठ | बुधवार, पहाटे २.१५

भाड्याचा विषय काढलात म्हणून. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. सांगलीत धागाकर्त्याचं घर वडिलोपार्जित असणार. म्हणजे त्याचा खर्च शून्य आणि माझा हजार युरो. तुलना काय करणार?

आणि उलटं पण आहे. मुलीची शाळा फुकट. मागच्या वर्षी माझं अपेंडिक्स काढलं, चार दिवस इस्पितळात होतो, खिशातून गेले दिवसाचे दहा युरो. सार्वजनिक आरोग्य विम्याने बाकी भरलं. हेच पुण्यातल्या चुलत भावाचं झालं तेव्हा त्याने मुदत ठेव मोडली. मग त्याचा 'आरोग्यावरचा घरगुती खर्च' माझ्यापेक्षा जास्त, म्हणून तो जास्त सुखी?

कोष्टक | बुधवार, रात्री ८.४५

नेमकं! यासाठीच 'प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग' नावाचं माप आहे. घराने स्वतः केलेला खर्च, अधिक सरकारने आणि सेवाभावी संस्थांनी त्या घराला दिलेलं शिक्षण, उपचार वगैरे. पैसे कुणी दिले हे विचारायचं नाही, वापरलं कुणी ते विचारायचं. तुमचं अपेंडिक्स यात पूर्ण किमतीने येतं. सैन्य आणि पोलीस येत नाहीत, कारण ते कुठल्या एका घराने वापरले असं म्हणता येत नाही.

हे माप किती कामाचं ते आयर्लंडमध्ये दिसतं. २०१५ मध्ये त्यांचा जीडीपी वर्षात सुमारे २५ टक्के वाढला! परदेशी कंपन्यांनी पेटंटं आणि मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली, बाकी डब्लिनच्या माणसाच्या स्वयंपाकघरात काही हललं नाही. माणशी जीडीपी युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, पण प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग बघा, सरासरीच्या आसपासच. लक्झेंबर्गचंही तेच, जरा कमी टोकाचं. तिथे रोज शेजारच्या फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांहून जास्त माणसं कामाला येतात. ती जीडीपी तिथे पिकवतात आणि संध्याकाळी जेवायला आपापल्या देशात जातात. भागाकारात वर ती आहेत, खाली नाहीत.

घराचं म्हणाल तर स्वतःच्या घरात राहणारा स्वतःलाच भाडं देतो असं मानतात. शेजारी तसंच घर कितीला जातं ते बघून आकडा लावायचा. आशियात मात्र भाड्याचा बाजारच कित्येक गावांत नाही, त्यामुळे तिथे हा आकडा फार कच्चा. माझ्या मते सबंध आयसीपीतली सगळ्यात ठिसूळ वीट हीच.

उपचार-शिक्षणाचीही तीच गत. सरकारी शाळेच्या तासाला बाजारभाव नाही, म्हणून शिक्षकाचा पगार हाच भाव धरतात. मग कमी पगाराच्या देशातला शिक्षक तेवढंच शिकवतो का, हा प्रश्न उरतोच. काही भूभागांत त्यासाठी उत्पादकतेची दुरुस्ती करतात.

मीनाक्षी_ठाणे | बुधवार, रात्री ९.३०

आणि आमचं काम? उन्हाळ्यात सासूबाईंनी केलेल्या कुरडया, रोजच्या पोळ्या, आजारपणं?

बाजारहाट | बुधवार, रात्री १०.१०

ताई, शेतातून घरी आणलेली ज्वारी धरतात. आम्ही विचारायचो, घरची किती, विकतची किती. घरच्या धान्याला शेतावरचा भाव लावायचो. त्या ज्वारीची भाकरी थापायचे कष्ट कुठल्याच रकान्यात नाहीत. पोळ्या विकत घ्यायला लागलात की त्या लगेच येतात.

धागाकर्त्याला अजून एक सांगतो. देशादेशांत जाऊ नका, इथेच बघा. सुरेश तेंडुलकर समितीने राज्याराज्यांतले भाव वेगळे धरून दारिद्र्यरेषा काढल्या. त्याच पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्रात ग्रामीण ९६७ आणि शहरी १,१२६ रुपये महिना, बिहारमध्ये ७७८ आणि ९२३. म्हणजे हीही एक क्रयशक्ती समानताच, फक्त चलन एकच. रुपया सगळीकडे रुपयाच दिसतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

हिशेबनीस | शनिवार, दुपारी ४.२०

आज मी आणि भावाने आमची घरगुती आयसीपी केली. त्याच्याकडे पावत्या, माझ्याकडे बायकोची वही. बाबा पंच. वीस वस्तूंची यादी केली होती, नीट जुळल्या पाचच. मेथी तिथे जुडीने काय, कशीच मिळेना. पनीर 'सारखं' आहे का यावर पाऊण तास गेला.

भाव (आधी इथले रुपये, मग तिथले युरो): दूध लिटर ६० / १.१०, तांदूळ किलो ६० / २.५०, कांदे किलो ३० / १.५०, पेट्रोल लिटर १०५ / १.७०, कटिंग ८० / २८.

मग दोन टोपल्या केल्या. माझी महिन्याची: दूध ३० लिटर, तांदूळ १०, कांदे ६, पेट्रोल १५ लिटर, दोन कटिंग (मी आणि बाबा). इथे ४,३१५ रुपये, हीच टोपली तिथे १४८.५० युरो. म्हणजे युरो २९ रुपयांचा.

त्याची: दूध १२, तांदूळ ३, कांदे २, पेट्रोल ४०, एक कटिंग. तिथे ११९.७० युरो, इथे ५,२४० रुपये. म्हणजे युरो जवळपास ४४ रुपयांचा!

भाव तेच, दुकानं तीच, आणि युरो एकदा २९ चा, एकदा ४४ चा. यातला खरा कुठला?

कोष्टक | शनिवार, संध्याकाळी ६.००

दोन्ही. प्रत्येक जण आपल्याकडे जे स्वस्त ते जास्त वापरतो, म्हणून आपली टोपली आपल्या गावात स्वस्त आणि परक्या गावात महाग पडते. तुम्ही कटिंग दोन करता, तो एकच, आणि पेट्रोल तो चाळीस लिटर जाळतो. यातून सुटका म्हणजे दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं, फिशरचा निर्देशांक. तुमचा येतो ३५ रुपये ७० पैशांच्या आसपास. तेंडुलकर समितीने राज्यांसाठी हाच वापरला आणि आयसीपीत दीडपावणेदोनशे देशांच्या जोड्यांवर याच्याच पुढचं गणित करतात.

पण लक्षात ठेवा, ३५.७० हा ना तुमचा दर ना भावाचा. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी हाच मुद्दा गरिबांसाठी लावून धरला होता: देशाच्या सरासरी टोपलीवरून काढलेला दर गरिबाच्या टोपलीला का लावायचा? गरिबाच्या वह्यांवरून वेगळे दर काढायचं कामही त्यांनी केलं.

नगरी_माणूस | शनिवार, संध्याकाळी ७.१५

वीसपैकी पाच जुळल्या म्हणता. मग सरकारी यादीतही असंच होत असणार. पण वहीचा प्रयोग आवडला. ढोलाबद्दलचं मत कायम.

तिरपागडं | शनिवार, रात्री ८.००

बाबा काय म्हणाले निकालावर?

हिशेबनीस | शनिवार, रात्री ८.२०

म्हणाले, "बरं, गुणिले छत्तीस." उसासा थोडा छोटा होता.

भाऊ डिसेंबरात येतोय. कटिंग इथेच करणार म्हणे, तोवर केस वाढवतोय.

तिरपागडं | शनिवार, रात्री ८.३५

मग ते केस कुठल्या देशाच्या घरगुती उपभोगात धरायचे? @कोष्टक, सुट्टी नाही.

कोष्टक | शनिवार, रात्री ९.०५

जर्मनीच्या. राहतो तिथला माणूस, म्हणून सांगलीतली कटिंगही त्याच्या जर्मन घरखर्चात. आणि परदेशातल्या अशा निव्वळ खर्चाला आयसीपीत पीपीपी लावत नाहीत, बाजाराचा दर लावतात. म्हणजे ती कटिंग ऐंशी पैशांची. युरोचे पैसे हो.